कुणाकडून शिकलात?

पहाटे पावणेपाच

आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे, चौकटीच्या माथ्यावर मण्यांचं तोरण आहे आणि मधे पडदा. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवलेली असते. उठल्यावर पहिलं काम ती फळी उचलून भिंतीला लावायची. मग पडदा एका बाजूला सारून खिळ्याला अडकवायचा. देवळाकडून घंटेचा आवाज येतो, रस्त्यावर लांबून आलेल्या गाड्यांचे दिवे दिसायला लागतात, आणि मी सडा घालायला बाहेर पडते.

शनिशिंगणापूरला येणारा प्रत्येक जण विचारतो, चोरीची भीती नाही वाटत का? २०११ साली इथे युको बँकेची शाखा उघडली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिची बातमी देशभर गेली. हे सगळं खरं आहे. पण जन्म या गावात गेल्यामुळे मला दार नसण्यातलं वेगळंच काहीतरी आधी दिसतं. दार नाही तिथे कापड असतं, आणि कापड आलं की त्यावर बाईचा हात चालतो. माझ्या लहानपणी कितीतरी चौकटींत मांजरपाटाचा नाहीतर केसमेंटचा पडदा असे. त्यावर समोरासमोर दोन पोपट, मधे कुंडी, खाली ‘सुस्वागतम्’. कुणाच्या मोराची मान आखूड, कुणाच्या कमळाला सहाच पाकळ्या. पडदा बघून घर ओळखता यायचं.

आता बहुतेक चौकटींत बाजारातला छापील पॉलिस्टरचा पडदा आहे. जुने पडदे पेटीच्या तळाशी गेले, काही पायपुसणी झाले, काही गोधडीच्या पोटात शिवले गेले. त्यांतले जे हाती लागतील त्यांची नोंद मी गेली सहा वर्षं ठेवते आहे. शिवणक्लास हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ही नोंद त्याच्या आगेमागे चालते.

सकाळी सहा

घरची रसवंती आहे. मालक बैलाला चारा घालून घाण्याकडे नेतात, मी भांडी विसळून फडकी वाळत घालते. इथल्या रस्त्याला लाकडी चरकाच्या रसवंत्या ओळीनं आहेत. बैल फिरायला लागला की त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दिवसभर थांबत नाही. आज शुक्रवार, उद्याची तयारी सगळीकडे चाललेली. शेजारच्या दुकानात रुईच्या पानांच्या माळा ओवल्या जातात, तेलाच्या बाटल्या मांडल्या जातात, काळ्या कापडाचे तुकडे फाडून घड्या केल्या जातात. फाडताना होणारा तो ‘टर्र’ आवाज मला चांगला वाटतो. सुती कापड सरळ फाटतं, धाग्याच्या रेषेत. मिसळ कापड तसं फाटत नाही. मुलींना कापड ओळखायला शिकवताना मी अजून हीच खूण सांगते.

साडेआठ

स्कूटीवरून वस्तीकडे. पिशवीत धुतलेली पांढरी चादर, टेप, भिंग, मोबाईल, पेन्सिल आणि वही. पेन मुद्दाम घेत नाही. शाईचा एक थेंब पन्नास वर्षांच्या कापडावर पडला तर तो तिथेच राहणार. हातमोजेही घालत नाही. साबणानं धुऊन कोरडे केलेले हात बरे, बोटांना धागा कळतो.

आजींचं घर उसाच्या पलीकडे. वय त्यांना स्वतःला नक्की माहीत नाही, पण लग्न होऊन इथे आल्या तेव्हा मुळा धरणाचं पाणी यायचं होतं, एवढं सांगतात. त्यांच्या नातसुनेनं क्लासमध्ये मला सांगितलं होतं की सासूबाईंच्या सासूबाईंकडे रेडिओवर टाकायचा एक रुमाल आहे.

“आलीस का गं पोरी? आधी चहा घे.”

“घेते आजी, पण आधी हात कोरडे आहेत तोवर कापड बघू द्या.”

रुमाल निघाला. त्याच्याबरोबर उशीचे दोन अभ्रे आणि एक कुंचीही निघाली. कुंची खणाची, कडेला साखळी टाका, डोक्यावर गोंड्याची जागा रिकामी. अभ्र्यांवर गुलाबाच्या फांद्या. रुमालावर चारही कोपऱ्यांत वेली आणि मधे फुलीच्या टाक्यात भरलेलं मोठं फूल. लाल धागा एका कोपऱ्यात थोडा उतरलेला, म्हणजे कधीतरी गरम पाण्यात पडला होता. बाकी सगळं शाबूत.

पांढरी चादर खाटेवर अंथरून मी एकेक कापड मांडलं. सुलट बाजूचा फोटो, मग उलट बाजूचा. उलट बाजू दाखवायला बायका लाजतात, “तिकडं नको बघू, गुंता हाय,” म्हणतात. पण मला जे हवं असतं ते तिथेच असतं. सुलट बाजूला चित्र दिसतं, उलट्या बाजूला हात दिसतो. सुरुवातीला गाठ मारली की दोरा टाक्यांखाली दडवला, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना दोरा लांब ओढला की तोडून परत सुरू केला, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

वेलीच्या देठावर भिंग धरलं आणि थांबले.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. देठाचा टाका उजव्या हाताची बाई डावीकडून उजवीकडे घेत जाते आणि दोरा सुईच्या खालच्या अंगाला ठेवते. टाके एकमेकांना खेटून एका बाजूला कलतात, दोरखंडाला पीळ असावा तसे. दोरा वरच्या अंगाला ठेवला तर पीळ उलटा पडतो. दिसायला फरक बारीक आहे, भिंगाशिवाय पटकन कळत नाही. चूक त्यात काहीच नाही. पण एकदा हाताला जी सवय लागली ती आयुष्यभर सुटत नाही, आणि इकडच्या बायकांची सवय दोरा खाली ठेवायची. आजींच्या रुमालावर पीळ उलटा होता. चारही कोपऱ्यांत, दोन्ही अभ्र्यांवरही.

असा पीळ मी याआधी दोनदा पाहिला होता. एकदा सोनईच्या एका पडद्यावर, एकदा घोडेगावच्या एका टेबलक्लॉथवर. दोन्ही कापडं करणाऱ्या बाया आता नाहीत. वहीत तेव्हा नुसतं लिहून ठेवलं होतं, ‘देठाचा टाका उलट पिळाचा’. तीन वेगळी गावं, तीन वेगळ्या बाया आणि तोच पीळ. फुलीच्या टाक्यातही तेच. फुलीत एक तिरका टाका खाली आणि एक वर असतो. वरचा कुठून कुठे जातो हे शिकवणारी ठरवते आणि मग सगळ्या फुल्या त्याच दिशेनं भरायला लावते. तिन्ही कापडांत वरचा टाका आपल्या नेहमीच्या दिशेच्या आरशातला वाटावा असा.

“आजी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“बाईंनी.”

“कोणत्या बाई?”

“मिशनच्या. वडाळ्याला मामाकडं होते ना मी दोन वर्सं. तिथं शाळेत सुई धरायला लावायच्या.”

“बाई डाव्या हातानं टाका घालायच्या का हो?”

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा डावा हात आपोआप वर आला, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, सुई धरल्यासारखी.

“डावऱ्या होत्या बाई. जेवायच्या उजव्यानं, अन् सुई घेतली की डावी. तुला गं कुणी सांगितलं?”

“तुमच्या रुमालानं.”

त्यांनी रुमाल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. बाईंच्या शेजारी चटईवर बसून, त्यांच्या कापडावर जसं दिसतंय तसंच आपल्या कापडावर उतरवायचा प्रयत्न करणारी पोर मला दिसत होती. डाव्या हाताचा टाका उजव्या हातानं तसाच उठवायचा तर दोरा वर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. पोरीनं ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं असणार. कदाचित शेजारी बसलेल्या चारपाच पोरींनीही.

“बाईंचं नाव काय होतं, आजी?”

“नाव? बाईंचं नाव कोण घेतंय! बाई म्हनायचं.”

खूप आठवलं त्यांनी. लुगडं पांढरं, कडेला निळी किनार. दोऱ्याचा तुकडा वाया घालवला की रागवायच्या, उरलेले तुकडे काडेपेटीत ठेवायला सांगायच्या. चुकलेला टाका कात्रीनं न कापता सुईच्या मागच्या टोकानं उसवायला लावायच्या, कारण कापड दुखावतं. नाव मात्र नाही.

साडेअकरा

वडाळा बहिरोबा इथून फार लांब नाही. घोडेगावहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की पुढे. अमेरिकन मराठी मिशनचं ते एकोणिसाव्या शतकापासूनचं ठाणं. सॅम्युएल फेअरबँक नावाचे पाद्री तिथे अनेक वर्षं राहिले. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द त्यांच्यामुळे आहे. पक्षी पाहणाऱ्या माणसाचं नाव पक्ष्याला मिळालं, जगभरच्या पुस्तकांत गेलं, आणि ते योग्यच झालं. त्याच आवारात कुणीतरी बाई पोरींना देठाचा टाका शिकवत होती. तो टाका तीन गावांत गेला आणि तिच्या नावाची जागा कोरी राहिली. घरी येताना स्कूटीवर माझ्या मनात हेच चाललं होतं.

घरी येऊन आधी कापडांचं काम. आजींनी कुंची आणि एक अभ्रा मला ठेवायला दिला, रुमाल दिला नाही. मी मागितलाही नाही. ज्याच्या घरात कापड आहे त्याच्याच घरात ते राहावं, नीट राहावं एवढंच मी सांगून येते. खळ काढून टाका, कारण खळीला कसर लागते. घडी दर काही महिन्यांनी वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवर धागा तुटतो. टाचण्या काढा, गंजाचा डाग जात नाही. पत्र्याच्या पेटीत थेट ठेवू नका, जुन्या धोतराच्या धुतलेल्या मऊ कापडात गुंडाळा. माझ्याकडची कापडं मी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळते, वर मलमल, वर नाडी. पेटी सागवानी आहे, आजेसासूबाईंची. तिला कडी नाही, कुलूप नाही. गावच्या रीतीप्रमाणे.

दुपारी एक

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवताना वही समोर.

वही सुरू केली तेव्हा रकाने मी मोठमोठ्या संग्रहांचं पाहूनच पाडले होते. वस्तू, लांबी-रुंदी, कापड, धागा, टाके, गाव, करणारीचं नाव, साल. जॉन फोर्ब्स वॉटसननं १८६६ साली हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे जे १८ खंड केले, त्यांच्या पानांची चित्रं मी पाहिली होती. ७०० नमुने, खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे, प्रत्येक पानावर चिकटवलेले. असे २० संच केले. १३ विलायतेत ठेवले, ७ इकडे. प्रत्येक तुकड्याखाली काय आहे, कुठलं आहे, लांबी, रुंदी, वजन, किंमत हे लिहिलेलं. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानात काय खपतं ते कळावं, हा त्यातला मोठा हेतू. विणणाऱ्याचं नाव त्यांना लागत नव्हतं, म्हणून ते नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेले होते तेव्हाही तसंच झालं. दिनकर केळकरांनी घरोघरी फिरून २० हजारांहून जास्त वस्तू जमवल्या, बायकांच्या हातच्या कितीतरी गोष्टी त्यांच्यामुळे वाचल्या, त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण त्या काचेसमोर उभी राहून मी हाताचा शोध घेत राहिले.

करणारीचं नाव निदान विचारलं तर मिळतं. शिकवणारीचं कुणी विचारतच नाही. माझ्याही वहीत तो रकाना पहिली दोन वर्षं नव्हता. एकदा एका मावशींनी कापडाबद्दल बोलता बोलता स्वतःहून सांगितलं, “हे माज्या चुलतीनं शिकवलं, ती बाळंतपणात गेली,” आणि त्या रडल्या. त्या दिवशी मी पट्टी घेऊन सगळ्या पानांवर आणखी एक रकाना ओढला. कुणाकडून शिकलात? जुन्या पानांसाठी पुन्हा घरोघर फिरले. काहींनी आईचं नाव सांगितलं, काहींनी नणंदेचं, शेजारणीचं, शाळेतल्या शिवणाच्या बाईंचं. त्या शाळेतल्या बाईंच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. बाई म्हणायचो.

अडीच

क्लास सुरू. आठ मुली, दोन सुना, एक आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई. सगळ्यांना आरीवर्क हवं आहे, आणि मला ते कळतं. लग्नाच्या ब्लाउजवर आरीचं काम करून दिलं तर हातात चांगले पैसे येतात, घरी बसून येतात. अड्ड्यावर कापड ताणून धरायचं, आरीच्या सुईनं वरून टोचायचं, खालून दोरा आकड्यात घ्यायचा आणि वर ओढायचा. साखळी भराभर सरकते. कटदाणा, मोती, जरी. मोबाईलवर व्हिडिओ बघून मुली अर्धं काम शिकूनच येतात. व्हिडिओ बघून शिकलेलीला मी ओळखते. तिची साखळी सरळ रेषेत सुंदर असते, वळणावर अडते, कारण मनगट कधी वळवायचं हे सांगायला शेजारी कुणी नसतं.

मी आरी शिकवते, पण पहिला महिना साधी सुई. धावदोरा, उलटी टीप, साखळी, देठाचा टाका, काजाचा टाका, भरीव टाका, गाठीचा टाका. मांजरपाटाच्या तुकड्यावर नमुना, वहीत चिकटवायचा, खाली तारीख. आणि तपासताना माझा पहिला शब्द, “उलटी बाजू दाखव.”

आज मी त्यांना आजींच्या अभ्र्याचा फोटो मोठा करून दाखवला. विचारलं, काय वेगळं दिसतं? बराच वेळ कुणाला दिसेना. मग मुलाला मांडीवर घेतलेली ती आई म्हणाली, “ताई, याचा पीळ इकडं हाय.” तिला शाबासकी दिली. डावऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. एक मुलगी गप्प झाली, मग हळूच म्हणाली, “मी पण डावरी आहे. शाळेत हातावर मारायचे, म्हणून इथं उजव्यानंच करते.” तिला डाव्या हातात सुई घ्यायला सांगितलं. पाच मिनिटांत तिच्या टाक्यांना जी चाल आली ती गेल्या महिनाभरात आली नव्हती.

मग मिशनच्या बाईंवरून सिंथिया फॅरर यांची गोष्ट निघाली, कारण निघायलाच हवी. आमच्या नगरची गोष्ट, आणि आमच्या मुलींनाच माहीत नसते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावी १७९५ साली जन्मलेली ही बाई १८२७ साली मुंबईत उतरली. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. मुंबईत मुलींच्या शाळा सांभाळल्या, तब्येत बिघडली म्हणून मायदेशी गेली, परत आली ती १८३९ साली थेट अहमदनगरला. १८६२ साली मरेपर्यंत नगरच सोडलं नाही. २३ वर्षं. तिच्या शाळेत वाचन, लेखन, गणित असे आणि शिवणकामही असे. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले तेव्हा त्यांनी ही मुलींची शाळा पाहिली. पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं त्यात नगरच्या फॅररबाईंचं नाव आहे.

“म्हणजे सावित्रीबाईंच्या बाई?” एकीनं विचारलं.

“हो. सावित्रीबाईंच्या बाई.”

त्यातली एक मुलगी, बारावीला आहे, तिनं चांगला प्रश्न विचारला. शिवणकाम शिकवणं म्हणजे मुलींना घरातच ठेवणं नाही का? मी तिला टाळलं नाही. असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचं लिहिलेलं मी वाचलं आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सुई हातात देऊन पुस्तक काढून घेतलं अशा कितीतरी मुली झाल्या. पण मला वाटतं, ज्या काळात मुलीला अक्षर शिकवणं हेच पाप समजलं जाई, त्या काळात शिवण शिकायला जाते असं म्हणून आईबाप मुलीला उंबऱ्याबाहेर पाठवू शकत होते. सुई पुढे गेली आणि तिच्या मागून अक्षर गेलं. शिवाय दुष्काळाचं काय? १८७६ ते ७८ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन भयंकर दुष्काळ या जिल्ह्यानं काढले. मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ पोरांपोरींना पोटाला हाताचं काम शिकवलं गेलं. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना विणकाम, भरतकाम, शेतीपासून छपाईपर्यंत सगळं शिकवलं. उपाशी मुलीच्या हातातली सुई आणि बैठकीत बसलेल्या मुलीच्या हातातली सुई एकच नसते. हे मी त्या मुलीला सांगितलं. तिला सगळं पटलं असं नाही. तिनं पटवून घेऊही नये, वाचावं.

साडेपाच

मुली गेल्या. जमिनीवरचे दोऱ्यांचे तुकडे गोळा केले आणि आज पहिल्यांदा ते काडेपेटीत भरले.

सव्वासहा

शुक्रवारी संध्याकाळी मी शनिदेवाच्या चौथऱ्यावर जाते, शनिवारच्या गर्दीआधी. उघड्या आभाळाखाली ती काळी शिळा. वर छप्पर नाही, ऊनपाऊस तिच्या अंगावर. तेल ओघळत असतं. लहानपणापासून मी चौथऱ्याखालून नमस्कार करत आले. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, गुढीपाडव्याच्या दिवशी, बायकांना वर जाता येऊ लागलं. मी त्या दिवशी गेले नाही. चार महिन्यांनी गेले, सासूबाईंना विचारून. त्या म्हणाल्या, “जा, माझ्या वाटचं पण तेल घाल.” आता दोघींच्या वाटचं घालते.

देवाला वाहिलेल्या काळ्या कापडांकडे बघताना नेहमी एकच येतं मनात. या कापडावर कुणी एक टाकाही घालत नाही.

रात्री नऊ

स्वयंपाकघर आवरलं. मालक झोपले. फळी चौकटीला टेकवली. आता लॅपटॉप, मुलाचा जुना.

अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, तिथे माझं जाणं होणार नाही. पण ‘मिशनरी हेरल्ड’चे जुने अंक आणि बायकांच्या मंडळाचं ‘लाइफ अँड लाइट’ मासिक इंटरनेटवर वाचता येतं. शब्दकोश शेजारी घेऊन मी नगरची पानं वाचत जाते. अहमदनगर, राहुरी, वडाळा ही नावं परक्या लिपीत भेटली की अंगावर शहारा येतो. पाद्र्यांची नावं असतात, त्यांच्या बायकांची ‘मिसेस’ लावून असतात. शिवण शिकवणाऱ्या इकडच्या बाईचा उल्लेख आला की बहुतेकदा एखाद्या वाक्यात येतो आणि संपतो. आज वडाळ्याची आठ पानं वाचली. ज्या काळात आजी तिथे होत्या त्याच्या खूप आधीची ती पानं आहेत, तिथे डावऱ्या बाई सापडणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी वाचली. ज्या घरात माणूस राहिला ते घर आधी पाहून ठेवावं तसं.

मनाला धीर द्यायला मी अधूनमधून लुईझा पेसल यांचं पान उघडते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या. १८७० चा जन्म. अथेन्सच्या शाही भरतकाम शाळेच्या प्रमुख होत्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी टाक्यांचे नमुने करून दिले, १९२० साली भरतकाम करणाऱ्यांच्या इंग्लंडमधल्या संघाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या महायुद्धात मनानं मोडून परतलेल्या सैनिकांच्या हातात त्यांनी सुई दिली. नंतर विंचेस्टरच्या कॅथेड्रलसाठी शेकडो उशा आणि गाद्या बायकांकडून भरून घेतल्या. १९४७ साली वारल्या आणि सामान्य वाचकाच्या लक्षातून गेल्या. पण त्यांनी जमवलेली कापडं आणि वह्या लीड्स विद्यापीठात राहिल्या. कापडं होती म्हणून माणसं त्यांच्यापर्यंत परत पोहोचली. २०१९ साली ट्रेसी शेव्हेलियरच्या कादंबरीत तर त्या चालत्याबोलत्या झाल्या. त्यांनी आपले नमुने स्वतः नाव घालून ठेवले होते, हा मोठा फरक. आमच्या बाईंनी शिकवलेलं दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या पेटीत, दुसऱ्यांच्या नावावर पडलं आहे. ते एकत्र मांडलं तरच त्यांच्यापर्यंत जाता येईल.

मांडायला घेतलं. सोनईचा पडदा, घोडेगावचा टेबलक्लॉथ, आजींचे अभ्रे, तिन्हींचे फोटो एका पानावर. सोनईच्या बाईंचं माहेर कुठलं, हे त्यांच्या मुलाला फोन करून विचारायचं. घोडेगावच्या बाईंची धाकटी बहीण नेवाशाला असते असं कुणीतरी म्हणालं होतं, तिला भेटायचं. वडाळ्याला जाऊन जुन्या माणसांत बसायचं. मिशनच्या शाळेत त्या काळात कोण शिकवायला होतं, चर्चच्या वहीत कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कुणाची मूठमाती. आजींना पुन्हा एकदा विचारायचं, बाई गात असत का, कोणत्या गावच्या बोलीत बोलत, त्यांना मुलं होती का. नाव नाही आठवलं तरी गाव आठवतं कधी कधी.

शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं: ‘वडाळा मिशन, बाई, डावऱ्या.’ आजवर या रकान्यात लिहिलेल्या नोंदींत ही सगळ्यांत छोटी.

साडेदहा

झोप येत नव्हती. मांजरपाटाचा तुकडा रिंगमध्ये बसवला, हिरवा दोरा ओवला आणि सुई डाव्या हातात घेतली. बोटांना ती जडच वाटली. पहिले पाच टाके वेडेवाकडे. सुई कुठून वर येणार हे उजव्या हाताला आपोआप कळतं, डाव्याला एकेकदा सांगावं लागत होतं. उजवीकडून डावीकडे सरकत गेले. दोरा खाली. दहा टाके झाले, बारा झाले. हात दुखायला लागला तसा थोडा सैल सोडला, मग सावकाश एक लय लागली. विसाव्या टाक्याला मी थांबले, भिंग घेतलं आणि तुकडा आजींच्या अभ्र्याशेजारी ठेवला.

पीळ त्याच बाजूला होता.

पंख्याच्या वाऱ्यानं चौकटीतला पडदा जरा हलला. मी आणखी दोऱ्याची एक लांबी तोडली.